कर्करोगाचे दुखणे : सोसायचे की अडवायचे?



आमच्या गावी एक गुरुजी होते. चौथीपर्यंत मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाल्यावर त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवी पडलेली एक ग्रंथी. अन्न पचवणारा रस तिच्यात तयार होतो आणि इन्सुलिनही तिच्यातच तयार होते. गुरुजींचा रोग कळला तेव्हा तो शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला होता. ही गोष्ट घरात सर्वांना माहीत होती आणि गुरुजींनाही माहीत होती.

मी भूल देणारा डॉक्टर. सुटीत गावी गेलो, तेव्हा रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांना भेटायला गेलो. गुरुजी बाजेवर बसले होते. गुडघे पोटाशी घेतलेले, पोटाशी उशी धरलेली आणि अंग पुढे वाकलेले. काकू म्हणाल्या, "दोन महिने झाले, पाठ टेकली नाही त्यांनी. आडवं झालं की कळ पोटातून थेट पाठीत जाते. असेच बसून डुलकी घेतात."

मी विचारले, "गुरुजी, डॉक्टरांना हे सांगितलंत का?"

"अरे, कर्करोग आहे. तो दुखणारच. त्यात काय सांगायचं?"

श्रोतेहो, आजचे माझे बोलणे या एका वाक्याविषयी आहे. कर्करोग बरा करणे दर वेळी माणसाच्या हाती नसते, पण त्याचे दुखणे कमी करणे बहुतेक वेळा असते. त्यासाठी गोळ्या आहेत. मॉर्फिन आहे. आणि आणखी एक उपाय आहे, ज्याची माहिती फार थोड्या घरांत असते. तो म्हणजे दुखण्याची नस सुईने बधिर करणे. डॉक्टर लोक त्याला 'नर्व्ह ब्लॉक' म्हणतात.

आधी दुखणे कसे चालते, ते पाहू. बागाईतदार मंडळींना हे चटकन कळेल. विहिरीचे पाणी थारोळ्यात पडते, थारोळ्यातून पाटाने निघते आणि वाफ्यात पोचते. शरीरात जिथे गाठ आहे, तिथे दुखण्याची सुरुवात होते. ते दुखणे ज्ञानतंतूंच्या पाटाने मज्जारज्जूत जाते आणि तिथून मेंदूच्या वाफ्यात पोचते. वाफ्यात पाणी पोचले की मग आपण म्हणतो, "दुखतंय." बोलताना आपण ज्याला नस म्हणतो, तोच हा ज्ञानतंतू. रक्ताची शीर वेगळी, ही नस वेगळी.

आता मॉर्फिन काय करते? ते मुख्यतः मज्जारज्जूत आणि मेंदूत काम करते. म्हणजे पाणी वाहतच असते, पण वाफा ते कमी ओढून घेतो. मॉर्फिन हे अफूपासून काढलेले औषध आहे आणि ते फार गुणाचे आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची एक सोपी रीत सांगितली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारख्या साध्या गोळ्या, दुसरीवर सौम्य अफूजन्य औषधे आणि तिसरीवर मॉर्फिन. या रीतीने जगभर लाखो लोकांचे दुखणे कमी झाले.

पण मॉर्फिन रक्तातून सगळ्या अंगात फिरते. म्हणून दुखणे कमी करता करता ते आतड्यालाही मंद करते आणि बद्धकोष्ठ होतो. सुरुवातीला मळमळते, झापड येते. कोणाला मात्रा वाढवत न्यावी लागते आणि मग दिवसभर गुंगी राहते. आमच्या गुरुजींचे तसेच झाले होते. सांगितलेल्या गोळ्यांपैकी ते निम्म्याच घेत. एक तर पोट साफ होईना, आणि दुसरे म्हणजे मनात भीती, की ही अफू आहे, सवय लागेल. वास्तविक, कर्करोगाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्याला व्यसन लागण्याची भीती फार थोडी असते. शरीराला औषधाची सवय होते हे खरे, म्हणून ते एकाएकी बंद करायचे नसते. पण सवय होणे वेगळे आणि व्यसन लागणे वेगळे.

आता दुसरा उपाय. दारे धरणारा माणूस काय करतो? पाटाच्या योग्य जागी फावड्याने माती ओढतो आणि पाणी तिथल्या तिथे अडवतो. नस बधिर करणे म्हणजे हेच. दाढ काढताना डॉक्टर जबड्यात सुई देतात, जबडा जड होतो आणि दाढ निघाली तरी कळत नाही. तोही नर्व्ह ब्लॉकच. त्यात बहुधा जे औषध वापरतात ते लिग्नोकेन. १९४३ साली स्वीडनमध्ये ते प्रथम तयार झाले. त्याचा परिणाम मात्र काही तासच टिकतो. कर्करोगाच्या दुखण्याला तेवढ्याने भागत नाही. म्हणून अशा वेळी नसेच्या भोवती शुद्ध अल्कोहोल किंवा फिनॉल सोडतात. हे अल्कोहोल म्हणजे प्यायची दारू नव्हे आणि हे फिनॉल म्हणजे फरशी पुसायचे फिनाईल नव्हे, बरं का. ही निर्जंतुक, मोजून दिलेली औषधे आहेत. ती नसेचे तंतू निकामी करतात. त्यामुळे काही महिने तरी त्या वाटेने दुखणे जात नाही. पुढे तंतू पुन्हा वाढतात आणि पाट पुन्हा वाहू लागतो. तसे झाले तर कित्येकदा सुई पुन्हा देता येते.

हा उपाय काही कालचा नव्हे. पाठीतून सुई घालून पोटातल्या ज्ञानतंतूंचे जाळे बधिर करण्याची रीत जर्मनीतील माक्स काप्पिस या शल्यवैद्याने १९१४ साली दाखवली. पुढे अमेरिकेत जॉन बोनिका नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. आपल्याकडच्या तालमीतल्या मंडळींना त्यांचे कौतुक वाटेल. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी हे गृहस्थ तोंडावर मुखवटा चढवून कुस्त्या खेळत. कुस्तीतल्या इजांचे दुखणे त्यांनी जन्मभर अंगावर काढले. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांची वेदना त्यांनी पाहिली आणि वेदना हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, असे ठामपणे मांडले. १९५३ साली निघालेला त्यांचा मोठा ग्रंथ पुढे वेदनाशास्त्राचा पाया ठरला. आज ठिकठिकाणी वेदना उपचार विभाग, म्हणजे 'पेन क्लिनिक' दिसतात. त्यांच्या मुळाशी या पैलवान डॉक्टरांचे मोठे श्रम आहेत.

पोटातले जे जाळे मी म्हणालो, ते जठराच्या मागे, कण्याच्या पुढे, मुख्य रक्तवाहिनीला वेढून असते. त्याचे वैद्यकीय नाव सिलियाक प्लेक्सस. स्वादुपिंड, जठर, यकृत, पित्ताशय या सर्वांची वेदना बहुतांशी याच नाक्यावरून पुढे जाते. म्हणून स्वादुपिंडाच्या कर्करोगात इथे बांध घालणे फार उपयोगी पडते.

मी गुरुजींना हे सगळे समजावून सांगितले. ऐकून घेतल्यावर त्यांनी शिक्षकाला शोभेल असाच प्रश्न विचारला. "पाठीत सुई मारल्यावर मी लुळा तर पडणार नाही ना रे?"

हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा आणि डॉक्टरांनी त्याचे खरे उत्तर द्यावे. मी म्हणालो, "गुरुजी, धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण फार थोडा आहे." इंग्लंडमध्ये १९८६ ते १९९० या काळात ही सुई घेतलेल्या २,७३० रुग्णांची पाहणी झाली. त्यांत पाय कायमचे लुळे पडण्यासारखी मोठी इजा चौघांना झाली होती. म्हणजे सुमारे सातशे रुग्णांमागे एक. सुईचे औषध मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीला बाधले, तर असे होऊ शकते. हे टाळण्यासाठीच आज ही सुई क्ष-किरण यंत्राच्या, सीटी स्कॅनच्या किंवा सोनोग्राफीच्या साहाय्याने, टोक कुठे पोचले ते डोळ्यांनी पाहत देतात. काही मोठ्या रुग्णालयांत तोंडावाटे जठरात दुर्बीण घालून तिथूनही देतात.

थोडा वेळ विचार करून गुरुजी म्हणाले, "सातशेत एक. बरं, पत्करला हा हिशेब."

शहरातल्या रुग्णालयात आम्ही त्यांना नेले. आधी रक्त तपासले, कारण रक्त लवकर गोठत नसेल तर ही सुई देता येत नाही. सुईच्या जागी जंतुसंसर्ग नाही, आतडे अडलेले नाही, याची खात्री केली. शिरेतून सलाईन सुरू केले. मग पोटावर झोपवून, कातडी बधिर करून, कण्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक लांब बारीक सुई आत नेली. यंत्रात दिसणारा रंग सोडून जागा पक्की केली. आधी बधिर करणारे औषध सोडले. पायात जडपणा नाही, दुखणे मात्र उतरले, हे गुरुजींच्या तोंडून ऐकल्यावरच मग अल्कोहोल सोडले. सगळ्याला पाऊण तास लागला. गुरुजी जागे होते आणि बोलत होते.

त्यानंतर काय होते, तेही सांगतो, म्हणजे कोणी घाबरणार नाही. रक्तदाब काही काळ उतरतो, म्हणून काही तास झोपूनच राहायचे, एकदम उठायचे नाही. दोन-चार दिवस जुलाब होऊ शकतात. पाठीत सुई टोचल्याचे दुखते. हे बहुतेकांच्या बाबतीत आपोआप बरे होते. मात्र पाय जड वाटले, लघवी अडली, ताप आला किंवा चक्कर थांबेना, तर लगेच डॉक्टरांना कळवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर गुरुजी उताणे झोपलेले. काकू दाराशी उभ्या. बोटानेच त्यांनी मला गप्प राहायची खूण केली. जागे झाल्यावर मी विचारले, "किती कमी झालं?" गुरुजी म्हणाले, "रुपयातलं बारा आणे गेलं. चार आणे आहे. पण चार आण्यांशी माझं जमेल."

मंडळी, हे चार आणे ध्यानात ठेवा. या उपायाला कित्येकदा मॉर्फिनचा 'पर्याय' म्हणतात. तो शब्द अर्धा खरा आहे. २००४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना ही सुई दिली, निम्म्यांना नुसती वरवरची सुई टोचली, आणि औषधे मात्र दोघांनाही चालू ठेवली. सुई मिळालेल्यांचे दुखणे अधिक कमी राहिले. पण मॉर्फिनसारख्या औषधांची गरज दोन्हीकडे जवळपास सारखीच होती आणि आयुष्यातही ठाम फरक दिसला नाही. पुढे २०११ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा कॉक्रेन या संस्थेतर्फे घेण्यात आला. त्यात सुईमुळे दुखणे थोडे अधिक कमी होते, औषधेही कमी लागतात आणि त्यामुळे त्यांचा त्रासही कमी होतो, असे दिसले. याचा अर्थ असा की सुई ही मॉर्फिनची सवत नव्हे, ती जोडीदार आहे. कोणाचे मॉर्फिन सुटते, पुष्कळांचे कमी होते, काहींचे तेवढेच राहते. गुरुजींच्या गोळ्या आम्ही आठ-दहा दिवसांत हळूहळू निम्म्यावर आणल्या. एका दिवसात बंद केल्या असत्या, तर अंगाला कापरे, घाम, जुलाब असा त्रास झाला असता. आणि उलट, दुखणे उतरल्यावरही पूर्वीचीच मोठी मात्रा चालू ठेवली, तर गुंगी फार वाढू शकते. म्हणून सुईनंतर गोळ्यांचा हिशेब डॉक्टरांकडूनच करून घ्यावा.

आता कोणी म्हणेल, मग प्रत्येक कर्करोग्याला ही सुई का देत नाहीत? याचे उत्तर पुन्हा पाटातच आहे. पाणी एका पाटाने येत असेल, तर एक दार बंद करून काम होते. दहा बाजूंनी येत असेल, तर एक दार बंद करून काय उपयोग? रोग हाडांत अनेक ठिकाणी पसरला असेल, तर सुईपेक्षा गोळ्या आणि किरणोपचार अधिक कामाचे. दुसरे असे की काही पाट दोन शेतांना पाणी देतात. हातापायांच्या मोठ्या नसा वेदनाही नेतात आणि हालचालीचा हुकूमही आणतात. अशी नस निकामी केली, तर दुखणे जाईल, पण हातही लुळा पडेल. म्हणून तिथे हा उपाय जपून, क्वचितच करतात.

कुठे कुठे उपयोग होतो, ते थोडक्यात सांगतो. पोटाच्या वरच्या भागासाठी सिलियाक प्लेक्सस सांगितलेच. गर्भाशय, मूत्राशय, मोठे आतडे यांच्या कर्करोगात ओटीपोटात दुखते. त्यासाठी खाली कण्याच्या पुढे आणखी एक जाळे आहे. तिथे सुई देण्याची रीत मेक्सिकोतील डॉक्टर रिकार्दो प्लांकार्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केली. गुदद्वाराजवळच्या वेदनेसाठी माकडहाडापुढे एक गाठ असते, तिथे देता येते. फासळीतल्या दुखण्यासाठी त्या फासळीखालच्या नसेला देतात. आणि आपल्याकडे तंबाखू, मिश्री, गुटख्याने जे तोंडाचे कर्करोग होतात, त्यांत चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या नसेवर हा उपाय काही निवडक रुग्णांना लागू पडतो. कोणाला लागू पडेल, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

आता गावातल्या माणसाने काय करायचे?

पहिली गोष्ट, दुखणे सांगायचे. नुसते "फार दुखतं" म्हणून भागत नाही. कुठे दुखते, कुठून कुठे जाते, केव्हा वाढते, झोप किती लागते, हे सांगायला हवे. इथे शिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. गावात असा रुग्ण असेल, तर त्याच्या घरच्यांना एक वही घालून द्या. रोज सकाळ-संध्याकाळ दोन ओळी लिहायच्या. आज दुखणे रुपयात किती आणे, कोणत्या गोळ्या किती वाजता घेतल्या, पोट साफ झाले की नाही. घरात शाळकरी मूल असेल तर तेही हे लिहू शकते. डॉक्टरांना त्या वहीचा फार उपयोग होतो.

दुसरी गोष्ट, वेळेवर विचारायचे. "साहेब, याला नस बधिर करायच्या सुईचा उपयोग होईल का? वेदना विभागाकडे पाठवाल का?" एवढे दोन प्रश्न पुरेत. रोग फार पसरून त्या जाळ्यालाच गिळून बसला, की औषध नीट पसरत नाही आणि गुण कमी येतो. शिवाय रुग्ण इतका थकलेला असतो की पोटावर झोपणेही त्याला जमत नाही. हा उपाय शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायचा नसतो.

तिसरी गोष्ट, कुठे जायचे. मुंबईत १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वेदनेसाठी वेगळा विभाग आहे. बहुतेक मोठ्या कर्करोग रुग्णालयांत आणि पुष्कळ वैद्यकीय महाविद्यालयांत भूलतज्ज्ञ हे काम करतात. सोलापूरकडच्या लोकांना बार्शीचे कर्करोग रुग्णालय माहीत आहेच. जिल्हा रुग्णालयात गेलात, तर पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे रुग्णाला आराम देणाऱ्या उपचारांची सोय कुठे आहे, ते विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. या सुईचा खर्च योजनेत बसतो का, ते त्यांना आधीच विचारून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती गोष्ट न विसरता सांगा.

आणि चौथी गोष्ट, सुई मिळाली नाही किंवा लागू पडली नाही, तर निराश होऊ नका. मॉर्फिन मागा. १९८५ च्या कायद्याच्या जाचक परवान्यांमुळे अनेक वर्षे ते रुग्णालयांना ठेवणेच अवघड होते. आपल्याच देशात अफू पिकते आणि आपल्याच रुग्णांना मॉर्फिन मिळत नाही, अशी स्थिती होती. २०१४ साली त्या कायद्यात सुधारणा झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे सोपे झाले.

शेवटी पुन्हा गुरुजींकडे वळतो. सुईनंतर ते चार महिने होते. रोगाने आपले काम केले, ते आम्हाला थांबवता आले नाही. पण त्या चार महिन्यांतले तीन तरी ते रात्री आडवे झोपले. सकाळी ओट्यावर बसून नातवाकडून पावकी-निमकी म्हणून घेत आणि चुकला की पूर्वीसारखेच रागावत.

एकदा ते मला म्हणाले, "दोन महिने मी बसून काढले. ही सुई आहे, हे तुला माहीत होतं ना?"

मला माहीत होते. त्यांचा आजार मला पत्राने कळला होता. दुखणे कसे आहे, हे मी विचारले नव्हते. त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही, आणि मधल्या मध्ये दोन महिने गेले. त्याची रुखरुख मला अजून आहे. म्हणून आज हे सांगायला बसलो. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत कोणी असे बाजेवर वाकून बसलेले असेल, तर आज रात्रीच जा आणि त्याला विचारा, "किती आणे दुखतंय?"